आबादानचं वगळलेलं प्रकरण

अण्णा,

तुम्ही गेलात त्या सकाळी मी परीक्षेच्या हॉलमध्ये होते. पर्यवेक्षकांना फोन बंद करून कपाटात ठेवावा लागतो. तीन तासांनी तो हातात आला तेव्हा शोभाताईंचे सहा फोन येऊन गेले होते. मी गोदाकाठी पोहोचले तोवर चिता निम्मी जळून गेली होती. शोभाताईंनी, तुमच्या लेकीने, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "काल संध्याकाळी चांगले बोलायलते, मॅडम. सकाळी चहा मागितला, अन् कप हातात घ्यायच्या आत गेले."

आज सोळा दिवस झाले. अण्णांवर चार शब्द लिहून द्या, असं कॉलेजातल्या मंडळींनी सांगितलं. मी लिहायला बसले. जन्म राणीसावरगाव, नोकरी तहसिलीत, उर्दू आणि मोडीचे जाणकार. तीन ओळींतच थांबले. ही माहिती तुमच्या सेवापुस्तकातही सापडेल. मला तुमच्याशी बोलायचं आहे, आणि ते तुम्ही असताना व्हायला हवं होतं.

तुमच्या ओट्यावर मी पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही शेंगा सोलत होतात. मी गंगाखेडच्या कॉलेजात इतिहास शिकवत होते आणि पीएच.डी.च्या विषयावरून सगळ्यांचं हसू सोसत होते. इराणने आपला तेलउद्योग सरकारच्या ताब्यात घेतला, त्यानंतर इराण आणि ब्रिटन यांच्या संबंधांचं काय झालं, हा माझा विषय. "गंगाखेडात बसून इराणच्या तेलाचा अभ्यास?" असं स्टाफरूममध्ये रोज कोणीतरी विचारायचं. पण इंग्रजी पुस्तकांतून मला फक्त लंडनची बाजू दिसत होती. नुकतीच निजामाच्या राज्यातून बाहेर पडलेली आपल्या भागातली माणसं त्या वेळी ही बातमी कशी वाचत होती, ते मला पाहायचं होतं. परभणीच्या एका जुन्या वाचनालयात हैदराबादच्या उर्दू वर्तमानपत्रांचे गठ्ठे पडून आहेत हे कळलं, पण मला उर्दूचं अलिफही येत नव्हतं. तहसिलीतल्या शिपायाने तुमचा पत्ता दिला.

तुम्ही सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोणतं साल?"

"एक्कावन्न ते चोपन्न."

तुमचे हात शेंगांवर थांबले. मग उठून तुम्ही हात धुतले, पंच्याला पुसले आणि म्हणालात, "शनिवारी निघू, बाई. सकाळच्या गाडीनं."

मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला वेळ जात नसेल. हा माझा तुमच्याबद्दलचा पहिला गैरसमज.

ऐंशी पार केलेला माणूस तीन वर्षं दर शनिवारी माझ्यासोबत गंगाखेडहून परभणीला आला. एका पिशवीत भिंग, जुन्या धोतराचं फडकं आणि दोघांपुरती भाकरी-चटणी. वाचनालयात गेलं की आधी फडक्याने गठ्ठ्यावरची धूळ टिपायची, मग कागद उलटायचा. मी घाईने पान उलटलं की तुम्ही माझ्या हातावर टिचकी मारायचात. तुम्ही वाचायचात, मराठीत सांगायचात, मी लिहायचे. दुसऱ्या महिन्यापासून तुम्ही मलाच वाचायला लावलंत. "म्या काय जन्माला पुरायलो का तुमच्या?" म्हणालात. मी बोट ठेवून अडखळत वाचलेले पहिले दोन शब्द होते 'सिफारती ताल्लुकात'. राजनैतिक संबंध. त्याच्या पुढचा शब्द मला लागेना. तुम्ही भिंग सरकवलंत. "मुनकता. म्हंजी तुटलेले. पन पुढं 'कर दिये' हाय, म्हंजी तोडले. आपोआप तुटलं तर निराळं म्हणतात. हे कुणीतरी तोडायलंय, ध्यानात ठिवा."

त्या गठ्ठ्यांतून आपण ती तीन-चार वर्षं पुन्हा जगलो. इराणने तेल आपलं केलं. ब्रिटिश साहेब आबादानच्या त्या अवाढव्य तेलशुद्धीकरण कारखान्यातून सामान बांधून जहाजावर चढले. ब्रिटनने इराणचं तेल कोणी घेऊ नये म्हणून आरमाराचा धाक घातला. इराणने ब्रिटिशांच्या वकिलाती एकेक करून बंद करायला लावल्या. भांडण आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. न्यायालय म्हणालं, हा करार इराणचं सरकार आणि एक कंपनी यांच्यातला आहे, दोन देशांतला तह नव्हे, आम्हाला यात पडता येत नाही. ही बातमी वाचून तुम्ही कितीतरी वेळ हसत होतात.

"भांडण कंपनीचं होतं, तर मग आरमार कुणाचं आलं?"

आणि शेवटी संबंध तोडल्याची बातमी आली. मी त्या बातमीत दोन्ही सरकारांच्या खलित्यांची भाषा शोधत होते. तुम्ही कारकून. तुमचे प्रश्न वेगळे.

"वकिलातीच्या किल्ल्या कुणाकडं दिल्या? बागेला पाणी कोण घालायलंय? तिथं जे इराणी कारकून व्हते, ते दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कुठं गेले?"

मी म्हणाले, संबंध तुटले की एखादा तिसरा देश कामकाज पाहतो. इथे ते स्वित्झर्लंडने पाहिलं.

तुम्हाला ते फार पटलं. "बराबर. दोन भावांचं बोलणं बंद झालं तरी मधी एक शेजारी लागतोच. लग्नाची पत्रिका त्याच्याच हाती जाती." मग थोड्या वेळाने म्हणालात, "ज्यांला असा शेजारी न्हाई, त्यांचं लय अवघड."

त्रेपन्न साली इराणचा पंतप्रधान उलथवला गेला आणि चार महिन्यांत ब्रिटनशी संबंध पुन्हा सुरू झाले. मी प्रबंधात या प्रकरणाचं नाव 'समेट' ठेवलं होतं. परतीच्या गाडीत तुम्ही त्यावरून भांडलात. शेजारचे प्रवासी बघायला लागले इतकं.

"समेट कशाला म्हणता बाई तुमी? ज्याच्यासंगं भांडण व्हतं त्याला काढून टाकलं, अन् दुसऱ्याला खुर्चीत बसवून त्याच्यासंगं हात मिळवला. ह्याला समेट म्हणत न्हाईत."

"पण वकिलाती उघडल्या ना, अण्णा? माणसं पुन्हा बोलायला लागली ना?"

"बोलायला लागणं निराळं अन् मिटणं निराळं."

मी नाव बदललं नाही. प्रबंधात ते अजून 'समेट'च आहे. या वादात तुमचंच बरोबर होतं, असं आता वाटतं. तेव्हा मात्र मला वाटलं होतं, अण्णांना राजकारणातलं काय कळतं.

मग तो शनिवार. आतल्या पानावर, जाहिरातींच्या वर, बोटभर बातमी होती. आबादानच्या कारखान्यात हिंदुस्तानी नोकरमाणसंही होती. साहेब गेल्यावर त्यांतली बरीच मुंबईच्या जहाजाने परत निघाली, पण काहींना नव्या इराणी अधिकाऱ्यांनी काम समजावून द्यायला थांबवून घेतलं आहे, असा त्या बातमीचा आशय. तुम्ही ती एकदा वाचलीत. पुन्हा वाचलीत. तिसऱ्यांदा भिंग घेऊन वाचलीत. मग चष्मा काढून ठेवलात.

"आज बस, बाई."

मला वाटलं डोळे दुखायला लागले. परतीच्या गाडीत पोखर्णी स्टेशन गेल्यावर खिडकीकडे तोंड करून म्हणालात, "ह्या लोकांवर एक प्रकरण पायजे. दोन सरकारांच्या मधी जे सापडले त्यांच्यावर."

तुम्ही माझ्याकडे दुसरं कधीच काही मागितलं नाही. भाडंसुद्धा मला काढू दिलं नाहीत. मी ते प्रकरण लिहिलं. त्या बातमीच्या मागेपुढे सापडलेल्या आणखी चार-पाच बातम्या, तुम्ही केलेली भाषांतरं, आणि तुमचेच प्रश्न. किल्ल्यांचा, कारकुनांचा. मला ते माझं सगळ्यात चांगलं लिखाण वाटत होतं. तुम्हाला वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही दोन्ही हात जोडलेत. एवढ्याशा गोष्टीला हात काय जोडतात, म्हणून मी संकोचले होते.

पदवी मिळाल्यावर बांधलेला प्रबंध घेऊन मी पेढ्यांसकट तुमच्याकडे आले. शोभाताईंनी पाटावर बसवून मला कुंकू लावलं. तुम्ही प्रबंध मांडीवर घेतला, अनुक्रमणिका काढली आणि बोटाने एकेक ओळ खाली आलात. बोट शेवटच्या ओळीपर्यंत गेलं. पुन्हा वर गेलं. मग तुम्ही मधली पानं उलटलीत, सावकाश, एक एक करून.

मी बघत होते. मला माहीत होतं तुम्ही काय शोधताय.

"ते प्रकरण माझ्या मार्गदर्शक सरांनी काढायला लावलं, अण्णा," मी म्हणाले. "विषयाच्या बाहेर जातंय म्हणाले."

तुम्ही प्रबंध मिटला, वरून हात फिरवला. "असू द्या. सरांला कळतंय त्यातलं. छपाई लय साफ झालीय."

त्यानंतर शनिवार संपले. मी दिवाळीला यायचे, संक्रांतीला यायचे, मग फक्त दिवाळीला. कामं असतात, असं मी स्वतःला सांगत राहिले.

गेल्या वर्षी टीव्हीवर कुठल्या तरी दोन देशांचं भांडण चाललं होतं. राजदूत परत बोलावले, वकिलातीच्या फाटकाला कुलूप. तुमचा फोन आला. "बाई, कुलूप दाखवायलेत. या एकदा." आवाज बसलेला होता. मी त्याच दिवशी दुपारी आले.

तुम्ही पलंगावर होतात. शोभाताई चहा ठेवायला आत गेल्या आणि तुम्ही एकदम म्हणालात, "माझे वडील आबादानला व्हते. मी तुमाला सांगितलं न्हाई कधी."

मी काही विचारायच्या आत तुम्ही पुढे सांगायला लागलात.

तुमचे वडील रंगनाथराव निजामाच्या शाळेत शिकलेले, फारसी जाणणारे. मुंबईत त्या तेलकंपनीची भरती निघाली आणि ते आबादानच्या भांडारात कारकून झाले. तुम्ही तेव्हा नऊ वर्षांचे. दोन वर्षांनी रझाकारांचा धुमाकूळ झाला तेव्हा तुमची आई तुम्हाला घेऊन दिवसदिवस ज्वारीच्या रानात बसून राहायची, आणि वडील समुद्रापलीकडे होते. मग एक्कावन्नमध्ये त्यांचं पत्र आलं. इंग्रज निघाले, आता मीही निघतो, दिवाळी घरी करू. आईने अंगण सारवलं. करंज्या केल्या. तुम्ही रोज राणीसावरगावच्या वेशीपर्यंत जाऊन येत होतात. दिवाळी गेली. देवदिवाळी गेली. त्यानंतर पत्र आलं की इथले नवे अधिकारी तरुण आहेत, कारखाना आता त्यांच्या देशाचा झाला आहे, पण भांडारात कोणती वस्तू कुठे आहे ते सांगणारं कोणी उरलेलं नाही. मला थांबा म्हणालेत. एक वर्ष थांबतो.

"काका म्हणले, बहाणा हाय. तिकडं दुसरं घर केलं असल. गावबी तेच म्हणायलं. आईनं काही म्हणलं न्हाई. मी पत्र लिव्हलं." तुम्ही अंगावरचं पांघरूण सारखं केलंत. "चौदा वर्षांचा व्हतो, बाई. लिव्हलं, आता येऊ नका. आमाला सवय झालीय."

तुमचे वडील चोपन्न साली आले. नव्या करारानंतर परदेशी कंपन्या परतल्या, त्यांनी आपली माणसं आणली आणि रंगनाथरावांचं काम संपलं. तुम्ही तेव्हा परभणीला शिकायला होतात. ते परभणी स्टेशनावर उतरणार हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही गेला नाहीत. पुढे दहा वर्षं ते गावी राहिले, शेती पाहिली. तुम्ही दोघं बी-बियाण्याचं बोललात, बैलांचं बोललात. आबादानचं कधीच नाही. अगदी शेवटच्या आजारात त्यांनी एकदाच विचारलं, "ते पत्र तूच लिव्हलं व्हतंस, का काकानं सांगितलं व्हतं?"

"मीच, म्हणलं." तुम्ही छताकडे बघत होतात. "त्यांनी मान हालवली. बस."

आणि मग तुम्ही मला ते सांगितलं, ज्यासाठी मला बोलावलं होतं.

"सत्तर वर्षं मला वाटलं, बाप खोटं बोलला. अन् त्या शनवारी पेपरात वाचलं. हिंदुस्तानी लोकांला काम समजावून द्यायला थांबवून घेतलं म्हणून. छापलेलं व्हतं, बाई. ते खरं लिव्हायलते."

चहा तसाच निवला. मी म्हणाले, "अण्णा, म्हणजे ते थांबले. त्या देशाने आपल्या हिमतीवर कारखाना चालवावा म्हणून थांबले. मोठी गोष्ट आहे ही."

तुम्ही मान उचललीत. इतक्या आजारातही तुमचा तो गाडीतला भांडणाचा आवाज परत आला. "थांबले म्हणू नका. आले न्हाईत. खरं बोलले, पन आले न्हाईत. माझी आई रानात बसली व्हती, ते बी खरंच हाय ना?"

"दोन्ही एकदम खरं असू शकतं."

"असल. तुमी लिव्हा दोन्ही. मला एकाच जागी ठिवता येत न्हाई."

त्या दिवशी दार उघडं होतं, अण्णा. तुम्ही तुमचं सगळं मांडलं होतं. मीही तेव्हाच माझं सांगायला हवं होतं. माझ्या ओठांवर आलं होतं. त्याऐवजी मी म्हणाले, ते प्रकरण मी वेगळा लेख म्हणून छापते. तुमचा चेहरा इतका उजळला की मग पुढचं बोलणं शक्यच झालं नाही. "माझं नाव टाकू नका," तुम्ही म्हणालात, "त्यांचं टाका. रंगनाथराव. भांडार कारकून." त्यानंतरचे तीन-चार महिने तुम्ही अंथरुणावरून मला फोनवर दुरुस्त्या सांगत राहिलात. मी लिहिलेलं वाक्य ऐकून म्हणायचात, "लय फुगवायलात. साधं ठिवा." शेवटची दुरुस्ती तुम्ही जाण्याच्या आठवड्यातली आहे.

तेराव्याला मी घरी आले. पाहुणे जेवून पांगले, शोभाताई मागच्या अंगणात भांडी आवरत होत्या. मी त्यांच्याजवळ उभं राहून सगळं सांगितलं. जे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं ते. त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं, पदराला हात पुसले. मला वाटलं, त्या म्हणतील जाऊ द्या, अण्णांना कळलं असेल. तसं काही त्या म्हणाल्या नाहीत.

"मला कशाला सांगता, मॅडम? माझं काय गेलं त्यात? ज्यांचं गेलं त्यांला सांगायचं व्हतं."

रागावल्या नव्हत्या. मला शिदोरीचा डबाही बांधून दिला. पण बोलल्या ते खरं होतं, म्हणून आज इथे सांगते.

अण्णा, ते प्रकरण सरांनी काढायला लावलं नव्हतं. सर फक्त म्हणाले होते, थोडं आटोपतं घ्या आणि संदर्भ नीट द्या. मी संदर्भ लिहायला बसले आणि तळटीपेत मला लिहावं लागलं की हा मजकूर एका निवृत्त कारकुनाने वाचून दाखवला. एकदा लिहिलं. इतर प्रकरणांना इंग्रजी पुस्तकांचा आधार होता, हे मात्र सगळं तुमच्या वाचनावर उभं होतं, बारा ठिकाणी लिहावं लागणार होतं. तोंडी परीक्षेला पुण्या-मुंबईहून मोठी माणसं येणार, ती विचारतील, कोण हे, यांची पात्रता काय. मला लाज वाटली. तुमची लाज वाटली. ज्यांनी मला अक्षर अक्षर शिकवलं त्यांचं नाव लिहायला मी घाबरले, आणि सगळं प्रकरणच उचलून बाजूला ठेवलं. मग तुमच्यासमोर ते सरांवर ढकललं. त्या बिचाऱ्या माणसाला तर ते वीस पानांचं प्रकरण आवडलं होतं.

ती पानं कोणाच्या वडिलांची होती हे मला ठाऊक नव्हतं, असं मी मनाला पुष्कळदा समजावलं. पण ठाऊक नसतानाही ती तुमची होतीच. तुम्ही मागितलेली एकुलती एक गोष्ट होती ती.

लेख पुढच्या महिन्यात छापून येतो आहे. रंगनाथरावांचं नाव त्यात आहे, आणि तुम्ही नको म्हणाला होतात तरी प्रत्येक तळटीपेत तुमचंही पूर्ण नाव घातलं आहे, बारा वेळा. यावरून तुम्ही नक्की भांडला असतात. प्रबंध मात्र आता बदलता येत नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयात तो तसाच राहील, त्या पानांशिवाय. कोणी विचारलं तर आता मी खरं सांगते. परवा वर्गात सांगितलं. एका मुलीने विचारलं, "मग त्यांनी तुम्हाला माफ केलं का, बाई?"

मी म्हणाले, "मी विचारलंच नाही."